दहावा हिस्सा आणि जामीनदाराची सही

दशांश आमच्याकडे कधी रुजला नाही. वसईतल्या राजोडी, नंदाखाल, आगाशी, वटार, उमराळे या पट्ट्यात चर्चे आहेत, वाटेवाटेवर क्रूस आहेत, मे महिन्यात क्रूसापुढे लदीनची प्रार्थना म्हणून उकडलेले चणे वाटायची रीत आहे, मेलेल्या माणसाच्या नावाने मिस्सा सांगायची रीत आहे. पण पगाराचे दहा टक्के मोजून पाकिटात घालणारे आणि ते पाकीट चर्चमध्ये नेऊन देणारे घर मी लहानपणी पाहिले नाही. आता पाहतो. नालासोपाऱ्यात भाड्याच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा भरतात, तिथे जाणारी आमचीच काही मुले परत येऊन विचारतात, ‘अंकल, बायबलमध्ये एवढं स्पष्ट लिहिलंय, मग आपण का नाही देत?’ मी आयुष्यभर एका पतपेढीत खतावण्या लिहिल्या. निवृत्त झाल्यावर रविवारच्या दानपेटीची मोजणी माझ्याकडे आली, म्हणून हा प्रश्नही माझ्याकडे येतो. फादरांकडे जात नाही, कारण फादर तासभर बोलतील अशी पोरांना धास्ती. बोलतो मीही तासभरच, पण हिशेब सांगतो.

पहिला हिशेब बायबलचाच. अब्राहाम लढाईवरून परतताना मलकीसदेक याजकाला लुटीचा दहावा भाग देतो. याकोब बेथेलला उशाखालचा दगड उभा करतो आणि म्हणतो, देवाने मला अन्नवस्त्र दिले, सुखरूप घरी आणले, तर जे मिळेल त्याचा दहावा भाग परत देईन. मी याला करार म्हणतो, कारण त्यात ‘तर’ आहे, आणि पतपेढीत बसलेल्या माणसाला ‘तर’ पटकन दिसतो. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात दशांशाला नीट व्यवस्था आली. लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता, म्हणून बाकीच्यांच्या धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दहावा हिस्सा त्यांच्या पोटापाण्यासाठी. लेव्यांनीही मिळालेल्या दशांशाचा दशांश पुढे याजकांना द्यायचा. आणि दर तिसऱ्या वर्षीचा हिस्सा गावातच ठेवायचा, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून. हॉलमधल्या सभांत मलाखी संदेष्ट्याचे वचन फार वाजवले जाते: कोठारात दशांश आणा आणि बघा, देव आकाशाची दारे उघडतो की नाही. तिसऱ्या वर्षाचा उल्लेख त्या सभांमधून आलेल्या एकाही पोराने अजून माझ्याजवळ केलेला नाही.

येशूने दशांश मोडीत काढला नाही, पण पुदिना, शेपू आणि जिऱ्याचा दहावा भाग मोजून काढणाऱ्या परूश्यांना न्याय आणि दया यांची आठवण करून दिली. दोन टोल्या टाकणारी विधवा त्याला श्रीमंतांपेक्षा मोठी वाटली. तिने टक्केवारी काढली नव्हती. होते तेवढे टाकले.

युरोपात पुढे या दहाव्या हिश्श्याचा कर झाला. शेतकऱ्याने पेंढ्या शेतात रांगेने मांडायच्या आणि दर दहावी पेंढी चर्चच्या कोठारात जायची. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो बुडवणाऱ्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्याची ताकीद दिली. फ्रान्समध्ये ऑगस्ट १७८९ च्या क्रांतीच्या धामधुमीत तो रद्द झाला, इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख झाला. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेने हा विषय ज्या त्या प्रदेशाच्या चालीरीतींवर सोपवला, आणि १९८३ च्या संहितेत तर आकडाच नाही. ख्रिस्तसभेच्या गरजा भागवायला श्रद्धावंतांनी हातभार लावावा, इतकेच. म्हणजे रोमने ज्या चालीरीतींवर सोडले, त्या चालीरीती आमच्याकडे कोणत्या, हा खरा प्रश्न.

देवावर हवाला ठेवून रिकाम्या हाताने चालणारी माणसे आमच्या मातीला नवी नाहीत, आणि त्यात ख्रिस्ती पहिले नाहीत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यात ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकरला तेव्हा आत स्तूप सापडला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, सगळ्यात आत सोन्याचा, त्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. सोन्याच्या डबीत मडक्याची खापरे जपणारे व्यापारी शहर होते ते. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा जोर्डानस नावाच्या त्यांच्या डोमिनिकन सोबत्याने त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन दोन्ही पंथ भिक्षेवर जगणारे. पोर्तुगीज इथे यायच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

तिसरा आमचा घरचाच. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, जपानात आधी जेझुइटांच्या हाताखाली धर्मशिक्षणाचे काम केले, मग व्यापार केला, आणि व्यापार चांगला चाललेला असताना तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन मठात बंधू म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रूसावर मारले आणि १८६२ मध्ये तो संत झाला. गासच्या चर्चला त्याचे नाव आहे. प्रवचनात त्याचे हौतात्म्य सांगतात. मला त्याच्या दुकानाचे कुतूहल. चालता धंदा बंद करताना त्याने उधारी वसूल केली की सोडून दिली?

पण ही झाली साधूंची गोष्ट. संसारी माणसाच्या पैशाचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगालचा राजा नुसता राजा नव्हता. पोपच्या जुन्या आज्ञापत्रांनुसार समुद्रापलीकडच्या मुलखात चर्चचा दशांश घेण्याचा हक्क ऑर्डर ऑफ ख्राइस्ट या संघटनेकडे होता, आणि १५५१ पासून तिचे प्रमुखपद कायमचे राजघराण्याकडे आले. हक्काबरोबर जबाबदारीही आली: चर्चे बांधायची, पाद्रींना पगार द्यायचा. याला पाद्रोआदो म्हणतात. म्हणजे कागदावर पाहिले तर दशांश राजाचा आणि पाद्री राजाचा नोकर. वसईच्या गावांची गावे सरदारांना आणि मठांना खंडाने दिली गेली. पूर्वी मशिदींच्या दिवाबत्तीला लावून दिलेले उत्पन्न मिशनरी कामाकडे वळवले गेले, तेव्हा ‘देवाने पुरवले’ म्हणताना कोणाच्या ताटातून काढून पुरवले हेही बघायला हवे. आमच्या पूर्वजांचा, म्हणजे वाडी-शेती कसणाऱ्या कुपारी समाजातल्या माणसाचा, या व्यवहारात हात एवढाच की सारा तोच पिकवत होता. चर्चला द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे त्याला कोणी विचारले नाही. जे आपल्या हाताने दिले नाही त्याला दान म्हणायची माझी तयारी नाही.

मग १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळा घेतला. राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात उभे राहून उत्तरेकडे पाहिले की अर्नाळ्याचे बेट डोळ्यांसमोर येते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक तहात दिली होती. फिरंगी जमीनदार गेले, मठ ओस पडले, राजाच्या खजिन्याचा झरा इथल्यापुरता आटला. पेशवाईत दुसरी एक गंमत झाली. जर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल-वसईच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, त्यात पेशव्यांच्या अमलात ख्रिस्ती लोकांच्या शुद्धीकरणासाठी आणि ब्राह्मणभोजनासाठी कर बसवल्याचे सांगितले आहे. फिरंगी राजाने एका देवाच्या नावाने सारा घेतला, पुढच्या सरकारने दुसऱ्या देवाच्या नावाने. कसणारा तोच, वाडी तीच. आमच्या लोकांच्या मनात धर्माच्या नावाने बांधून घेतलेल्या रकमेबद्दल जी अढी आहे, तिचे मूळ इथे असावे असे मला वाटते. हा माझा अंदाज आहे, पण दानपेटी मोजणाऱ्याचा अंदाज आहे.

१७३९ नंतर ख्रिस्तसभा टिकली ती गावाच्या जिवावर. धर्माचा अधिकार गोव्याच्या आर्चबिशपांकडे, १८८६ पासून दमण धर्मप्रांताकडे, १९२८ पासून मुंबईकडे आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हापासून पापडीच्या कॅथेड्रलकडे. वरच्या पाट्या बदलत गेल्या, पण कौले शाकारणे, भिंतीला चुना, वेदीवरची मेणबत्ती आणि फादरच्या ताटातला भात ही कामे गावाने केली.

कशी केली ते मी थोडेफार पाहिले आहे. आमच्याकडे पैसा शेवटी यायचा, आधी माल यायचा. मुंबई-साष्टीचे ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. आमच्या घरी तो दिवस एवढ्या थाटाचा नव्हता. पण पहिला केळ्यांचा लोंगर उतरला की आय म्हणायची, ‘हा देवाचा.’ तो लोंगर बाबा खांद्यावर घेऊन जायचे. सणाला चर्चच्या अंगणात अशा जिनसांचा लिलाव व्हायचा, आणि त्यातली खरी मजा अशी की पाच रुपयांचा भोपळा पंचवीसला जायचा, घेणारा तो परत देणगी म्हणून ठेवायचा, आणि पुन्हा त्याचा लिलाव. भोपळा संध्याकाळपर्यंत फिरत राहायचा. अंगणात हसू आणि गल्ला दोन्ही वाढायचे. पहिल्या फळाचे देणे आणि दहाव्या भागाचे देणे यांत फरक आहे. दहावा भाग काढायला हंगाम संपावा लागतो, हिशेब व्हावा लागतो. पहिला लोंगर देताना पुढचे किती लोंगर येतील हे कोणालाच ठाऊक नसते. पुढे वादळ येऊ शकते, केळीला रोग लागू शकतो. आयला अक्षरओळख नव्हती, पण जोखीम कोणत्या देण्यात जास्त आहे हे मी कारकून असून तिच्याकडून शिकलो.

रोख पैसा आला रेल्वेने. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली, आणि वाडीतली केळी, पाने, भाजी, फुले, दूध मुंबईच्या बाजाराकडे निघाले. लाल लुगड्यातल्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन जात. रविवारी दानपेटी उघडली की त्या बायकांच्या नोटा मी वेगळ्या ओळखायचो: बारीक घडी घातलेल्या, पदराच्या गाठीत राहून ओलसर झालेल्या, मोगऱ्याचा वास असलेल्या. घडी उलगडायलाच वेळ लागायचा. दहावा हिस्सा आमच्या वाडीतून कधी गेला नाही असे नाही. तो बाजारातल्या दलालाच्या वहीत जायचा आणि त्याहून मोठा सावकाराच्या वहीत.

सावकाराशिवाय ही गोष्ट अपुरी आहे. पावसाळ्याआधी बियाणे, बैल मेला तर बैल, पोरीचे लग्न, आजारपण. घरातले दागिने गहाण, नाहीतर वाडीचा कागद. १८७५ मध्ये पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेवढी धग इकडे आली नाही, पण दुखणे तेच. अशा घरात रविवारी ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ म्हणणारा माणूस सोमवारी व्याज भरायला जायचा. त्याची प्रार्थना खोटी नव्हती, तिला वाट सापडत नव्हती.

आणि इथे मी पोरांना १९१७-१८ सालाजवळ आणून उभे करतो.

१९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी आता म्हणू लागला की परदेशी मिशनच्या पगारावर ख्रिस्ताचे काम होणार नाही. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ख्रिस्ताच्या मागे जायचे ते सगळे त्यात यावेत अशी कल्पना. खर्चाची तजवीज देवावर. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दुसरी बाजू दिसते. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा नवरा आणि त्या दिवशीच्या चुलीचे काय करायचे हे बघणारी बायको. त्या हे रडत नाही, हसत सांगतात, म्हणून जास्त लागते. विश्वासाने जगणाऱ्या प्रत्येक पुरुषामागे पिठाचा डबा खरवडणारी एक बाई असते आणि तिचे नाव संतांच्या यादीत येत नाही.

पंडिता रमाबाई याला अपवाद, कारण त्यांच्या घरात डबाही त्यांचाच आणि विश्वासही. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी प्रार्थनेच्या भरवशावर चालवले. इंग्लंडात ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर यांनी कोणाकडे पैसे न मागता हजारो अनाथ मुले सांभाळली, त्यांच्या कामाचा रमाबाईंवर परिणाम होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. तिथली श्रद्धा मी वंदनीय मानतो. फक्त हिशेबनीस म्हणून एक नोंद करतो: म्यूलर मागत नव्हते, पण दरवर्षी अहवाल छापून किती आले ते जाहीर करत होते, आणि रमाबाईंचे ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्रक परदेशातल्या वाचकांच्या हाती पडत होते. देव देतो, पण त्याला टपालखाते वर्ज्य नाही. पोरे इथे हसतात. हसू देत. रमाबाई टपालाचे तिकीट लावतानाही प्रार्थना करत असतील, आणि मला त्या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या वाटतात.

आता १९१८. टिळक साताऱ्यात पगाराविना बसले होते, त्याच सुमारास, फेब्रुवारीत, वसईजवळ पापडीला मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी एक पतसंस्था सुरू केली. सावकाराच्या तावडीतून आपल्या माणसांना सोडवणे हा हेतू. तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. धर्मगुरूने पतसंस्था काढावी हे तेव्हा अगदीच नवे नव्हते. जर्मनीत रायफायझन यांनी खेडेगावात कर्ज देणाऱ्या सोसायट्या उभ्या केल्या होत्या, त्या धर्तीवर सरकारने १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, आणि १९०९ मध्ये छोटा नागपुरात फादर हॉफमन या जेझुइटाने आदिवासींसाठी कॅथलिक पतसंस्था काढली होती.

१९०४ च्या त्या कायद्यातले एक कलम मला नेहमी प्रवचनासारखे वाटत आले आहे. ग्रामीण सोसायटीत सभासदांची जबाबदारी साधारणपणे अमर्याद धरली होती. म्हणजे एकाने बुडवले तर बाकीच्यांनी आपल्या घरादारानिशी भरायचे. तारण काय, तर शेजारी. कर्ज मागायला आलेल्याची वाडी किती हे बघायचे, पण त्याआधी तो दारू पितो का, बायकोला मारतो का, मागचे फेडले का, हे ज्यांना माहीत ते पंच म्हणून बसायचे. टिळकांनी सगळे देवावर टाकले, मोनीस यांनी माणसाला माणसाचा जामीन केले. दोघेही धर्मगुरू, दोघांचाही ख्रिस्त एकच. मला विचाराल तर वसईने निवड मोनीस यांची केली, आणि ती धर्म सोडून केली असे मी मानत नाही.

मी पतपेढीत होतो तेव्हा जामीनदाराच्या सहीसाठी माणसे कशी फिरतात ते पाहिले. एक म्हातारा, वाडी विकून बसलेला, पोराच्या ऑपरेशनसाठी आलेला. नियमाप्रमाणे दोन जामीन हवे होते. एक सही भावाची झाली. दुसरीसाठी तो रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभा राहिला. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात गेला होता तोच पुढे आला आणि म्हणाला, ‘आण तो कागद.’ त्या कर्जाचे हप्ते नियमित आले की नाही हे सांगायला मी मोकळा नाही. पण त्या सहीची किंमत दशांशात कशी मोजायची, ते हॉलमधल्या कोणीतरी मला सांगावे.

बाकीच्या व्यवस्थाही अशाच बारक्या. संत अंतोनच्या पुतळ्याखाली वेगळी पेटी, गरिबांच्या भाकरीसाठी: नवस फेडणारे तिच्यात टाकतात. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि सोबत्यांनी सुरू केलेल्या संत विन्सेंट दी पॉल सोसायटीच्या शाखा धर्मग्रामांत आहेत, त्यांच्या बैठकीत एक बंद पिशवी फिरते आणि प्रत्येकजण मूठ आत घालतो. घातले की नुसता हात फिरवला, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. आमच्याच लोकांना नावाची पाटी लावून द्यायची हौस किती हे मला माहीत आहे, घंटेवर, बाकावर, पंख्याच्या पात्यांवरही नावे रंगवलेली मी पाहिली आहेत, म्हणून ती बंद पिशवी मला फार आवडते. वर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. त्यानुसार हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे, आणि ट्रस्टच्या उत्पन्नावर दोन टक्क्यांपर्यंत अंशदान भरावे लागत असे, २००९ मध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती देईपर्यंत. दशांशाचा दशांश घेणाऱ्या याजकाची जागा धर्मादाय आयुक्तांनी घेतली होती, म्हणा ना.

हे सगळे सांगून झाले की पोरे गप्प बसत नाहीत, आणि बसू नयेत. एकाने मला चांगले पकडले. म्हणाला, ‘अंकल, त्या हॉलमध्ये मी पगाराचे दहा टक्के देतो आणि मला बरं वाटतं. आपल्या चर्चमध्ये मी कधी किती दिलं हे मलाच आठवत नाही.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नेमाने दिलेल्या पैशाला एक शिस्त असते, ती आमच्या दहा-वीसच्या नोटेला राहिलेली नाही. वाडी होती तेव्हा पहिला लोंगर आपोआप वेगळा निघायचा. आता वाडीच्या जागी इमारत आली, पगार थेट खात्यात येतो, त्याचा पहिला लोंगर कोणता? फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘हरित वसई’ चळवळीतल्या लोकांनी वाड्या आणि बावखले, म्हणजे गावतळी, वाचवायला रस्त्यावर लढा दिला, तो फक्त झाडांसाठी होता असे मला वाटत नाही. देण्याची एक जुनी सवय त्या झाडांना लोंबत होती. बिल्डरचा चेक आल्यावर चर्चला मोठी रक्कम देणारेही मी पाहिले. रक्कम खरी, मन खरे, पण ते एकदाच. दुसरा लोंगर त्या जमिनीतून येत नाही.

हॉलमधल्या वचनाबद्दल मात्र मी नमते घेत नाही. दहा टक्के दे, देव शंभरपट परत करील, हा व्यवहार पतपेढीत कोणी मांडला असता तर आम्ही त्याला दारातून परत पाठवला असता, आणि तालुक्यातल्या माणसांना सावध केले असते. पक्ष्यांना आणि रानातल्या फुलांना देव पोसतो असे येशू म्हणाला, तेव्हा त्याने परताव्याचा दर सांगितला नव्हता. नोकरी गेलेल्या, कर्जात बुडालेल्या घराला ‘तुमचा दशांश कमी पडला’ असे सांगितलेले मी याच पोरांकडून ऐकले आहे. त्या घराला त्या वेळी दोन जामीन हवे होते.

आमच्या वित्त समितीपुढे सध्या महिन्याच्या पाकिटांचा प्रस्ताव आहे. प्रत्येक घराला बारा पाकिटे, वर कुटुंबाचा क्रमांक, शिवाय दारात क्यूआर कोड. दोन तरुण सभासदांना पाकिटावर ‘उत्पन्नाच्या किती टक्के’ असा रकाना हवा आहे. मी तीन दुरुस्त्या सुचवल्या. टक्क्याचा रकाना नको. खर्चाचा ताळेबंद दर तिमाहीला दारावर लागावा, म्हणजे देणाऱ्याला गेलेला पैसा दिसेल. आणि जमेचा एक तृतीयांश भाग मोशेच्या तिसऱ्या वर्षाप्रमाणे वेगळा निघावा, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. परका म्हणजे नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारा, कोणत्याही धर्माचा. शेवटच्या दुरुस्तीवर बराच वाद झाला. छताची गळती आधी, असे म्हणणारे जास्त निघाले, आणि छत खरेच गळते. फादर म्हणाले, लेखी द्या, पुढच्या बैठकीत घेऊ. मी लिहून दिले आहे, खाली दोन अनुमोदकांच्या सह्या घेऊन.